फायररेडमध्ये वाट वाकडी केली की काय हाती लागतं: कँटो नीट फिरण्याची पद्धत

पोकेमॉन फायररेड हा कँटो नावाच्या प्रदेशात फिरून पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचा आणि लढवायचा व्हिडिओ गेम. तो सरळ रेषेत खेळता येतो. आठ जिमच्या प्रमुखांना हरवून आठ बॅज, मग एलिट फोर हे चार बलाढ्य ट्रेनर, गेम संपला. पण असा खेळला तर गेममधला निम्मा माल जागच्या जागी पडून राहतो, आणि वर जिथे तिथे लेव्हल वाढवण्यासाठी गवतात चकरा माराव्या लागतात त्या वेगळ्याच. २००४ साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आलेला हा गेम म्हणजे जपानमध्ये १९९६ला निघालेल्या मूळ पोकेमॉनची नवी आवृत्ती. मूळ कल्पना सातोशी ताजिरी यांची. लहानपणी त्यांना किडे गोळा करायचा नाद होता, आणि दगडाखाली, झाडामागे, तळ्याकाठी काहीतरी दडलेलं असणारच, हा विचार गेमच्या नकाशात सगळीकडे दिसतो.

मात्र नुसत्या भटकण्याला हा गेम फारसं काही देत नाही. त्याची रीत ठरलेली आहे: आधी एखादी जागा दाखवायची, मग वाट अडवायची, आणि तीन-चार गावं पुढे गेल्यावर त्या अडथळ्याची किल्ली द्यायची. मागे काय पाहिलं होतं हे ज्याच्या लक्षात आहे तोच परत जातो, आणि मोठं बक्षीस त्यालाच मिळतं. म्हणून फायररेड नीट फिरायचा तर पहिलं साधन वही.

सुरुवातीची जुळवाजुळव

आपल्याकडे बहुतेकांनी हा गेम सायबर कॅफेत, घरच्या पीसीवर किंवा मोबाइलवर इम्युलेटरमध्ये, म्हणजे गेम मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, खेळला. तिथे दोन गोष्टी आधी तपासा. सेव्ह करताना किंवा गेम सुरू होताना ‘वन-एम सब-सर्किट बोर्ड इज नॉट इन्स्टॉल्ड’ असा निरोप आला, तर गेम बिघडलेला नाही. इम्युलेटरने सेव्हसाठी ६४केची जागा धरली आहे, या गेमला १२८के लागते. सेटिंगमध्ये सेव्ह टाइप ‘फ्लॅश १२८के’ करा आणि गेम पुन्हा चालू करा. दुसरी गोष्ट सेव्ह स्टेटची, म्हणजे इम्युलेटर स्वतः त्या क्षणाची जी प्रत ठेवतो तिची. अनेक इम्युलेटरमध्ये जुनी स्टेट लोड केली की गेमच्या आतलं सेव्हही त्या जुन्या क्षणाचं होऊन बसतं आणि मधली सगळी मेहनत जाते. रोजचं सेव्ह गेमच्या मेनूतूनच करा, स्टेट फक्त अडीअडचणीला. खरी कार्ट्रिज असेल तर एक बरं आहे: फायररेड सेव्ह फ्लॅशवर ठेवतो, आत घड्याळाची बॅटरी नाही, त्यामुळे बॅटरी संपून सेव्ह उडण्याची भीती नाही.

फास्ट फॉरवर्डचा मोह गवतात ठीक आहे. गावात आणि घरांत तो बंद ठेवा. या गेममध्ये खुणा माणसांच्या तोंडी आहेत, आणि चौपट वेगात त्या कुणी वाचत नाही.

आणि हो, गेम सुरू होताच खाली उतरण्याआधी स्वतःच्या खोलीतला पीसी उघडा. आत एक पोशन ठेवलेलं असतं.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक अडथळ्याला एक ओळ: कुठे, काय अडलं, पलीकडे काय दिसलं. कँटोत अडथळे मोजकेच आहेत, पण एक गोष्ट नवख्याला हमखास नडते. एचएम (झुडूप कापणं, पाण्यावरून जाणं अशा मूव्ह शिकवणारी वस्तू) हातात असून भागत नाही, तो लढाईबाहेर वापरायला ठराविक बॅज लागतो. कापायच्या झुडपाला कट हवा, तो व्हर्मिलियन शहरातल्या जहाजावर मिळतो, पण मिस्टीचा कॅस्केड बॅज नसेल तर झुडूप कापलं जात नाही. अंधाऱ्या गुहेतल्या फ्लॅशला ब्रॉकचा बोल्डर बॅज, फ्लायला लेफ्टनंट सर्जचा थंडर बॅज, मोठे दगड ढकलायच्या स्ट्रेंग्थला एरिकाचा रेनबो बॅज, पाण्यावरच्या सर्फला कोगाचा सोल बॅज. रॉक स्मॅश थेट वन आयलंडवर मिळतो आणि त्याला सब्रिनाचा मार्श बॅज लागतो. ‘मूव्ह शिकवली तरी चालत नाही’ अशी तक्रार आली की कारण नव्वद टक्के वेळा हेच.

एचएम मूव्ह सहजासहजी विसरवता येत नाही. फुशिया सिटीत मूव्ह डिलीटर भेटेपर्यंत ती चिकटलेलीच राहते. म्हणून लाडक्या लढवय्यावर कट चढवू नका. व्हर्मिलियनमधल्या एका घरात स्पिअरो देऊन फारफेच्ड घेता येतो. हा पक्षी लढाईत यथातथाच, पण कट आणि फ्लाय दोन्ही शिकतो. हमालीला याच्यासारखा दुसरा नाही. स्पिअरो रूट २२ किंवा रूट ३वर सहज सापडतो.

पकडण्याचे हिशेब: ओकचे मदतनीस

वेगवेगळे पोकेमॉन कशासाठी पकडायचे, चांगले सहा पुरे की, असं बऱ्याच जणांना वाटतं. याचं उत्तर गेमने रस्त्यांवरच्या चौकीघरांत बसवून ठेवलं आहे. प्रोफेसर ओकचे मदतनीस तुमच्या पोकेडेक्समधली, म्हणजे पकडलेल्या पोकेमॉनच्या यादीतली, नोंद मोजतात आणि आकडा भरला की वस्तू देतात.

रूट २च्या चौकीत १० जातींवर एचएम०५ फ्लॅश. रूट १०च्या पोकेमॉन सेंटरमध्ये २०वर एव्हरस्टोन. रूट ११च्या चौकीत वरच्या मजल्यावर ३०वर आयटमफाइंडर. रूट १६च्या चौकीत ४०वर अ‍ॅम्युलेट कॉइन, ती धरलेला पोकेमॉन लढाईत उतरला की जिंकलेले पैसे दुप्पट. रूट १५वर ५०ला एक्सपीरियन्स शेअर.

३०चा आकडा मोठा वाटतो, पण उत्क्रांतीने झालेला पोकेमॉनही वेगळी नोंद धरला जातो. म्हणजे व्हिरिडियन फॉरेस्टमधला एक कॅटरपी ७व्या लेव्हलला मेटापॉड आणि १०व्याला बटरफ्री झाला की एका बॉलमध्ये तीन नोंदी. वीडलचंही तसंच. त्याच जंगलात पिकाचू आहे, पण क्वचित निघतो, धीर धरावा लागतो. रूट २२वर मँकी, रूट ३वर जिगलीपफ आणि निडोरान, माउंट मूनमध्ये झुबॅट, जिओडूड, पॅरास आणि नशीब असेल तर क्लेफेरी. रूट २४-२५ला ओडिश आणि अब्रा. अब्राकडे टेलिपोर्टशिवाय काहीच नसतं, त्यामुळे त्याला आधी जखमी करायच्या नादाला लागू नका, पहिल्याच चालीत बॉल फेका. निसटला तर दुसरा शोधा. पोके बॉल २०० रुपड्यांना, म्हणजे गेममधल्या पैशाला, मिळतो. प्रत्येक नव्या रूटवर पाच-सहा बॉल खर्चायची तयारी ठेवली तर व्हर्मिलियन सोडण्याआधीच ३० होतात.

व्हर्मिलियन: जिथून मागे फिरायचं

गेमची खरी परीक्षा इथे आहे. सगळे संकेत पूर्वेला रॉक टनेलकडे ढकलतात. सर्जचा बॅज आधी घेतला तरी चालेल, पण त्याआधी मागे फिरणं फायद्याचं.

एस. एस. अ‍ॅन जहाजावर जा, पण कॅप्टनकडे सगळ्यात शेवटी. त्याच्याकडून कट घेऊन तुम्ही जहाजातून उतरलात की जहाज निघून जातं आणि परत येत नाही. खोल्यांमध्ये पडलेल्या वस्तू, त्यात टीएम३१ ब्रिक ब्रेक आणि टीएम४४ रेस्ट या मूव्ह शिकवणाऱ्या वस्तूही, जहाजाबरोबर जातात. टीएम या गेममध्ये एकदाच वापरता येतो, त्यामुळे हे नुकसान बारीक नाही. एकूण एक खोली उघडून, तळमजल्यासकट, मगच कॅप्टनची पाठ चोळायला जा.

मग फारफेच्डला कट शिकवा आणि व्हर्मिलियनमधून पूर्वेला रूट ११वर या. सुरुवातीलाच वरच्या अंगाला डिगलेटची गुहा आहे. आत डिगलेट १५ ते २२ लेव्हलचे, आणि अधूनमधून तिशीच्या आसपासचा डगट्रिओ. हा माल कुठे उपयोगी पडतो ते जिममध्ये कळतं: सर्जकडे व्होल्टॉर्ब, पिकाचू आणि २४ लेव्हलचा रायचू, तिन्ही विजेचे. डिगलेट जमिनीच्या जातीचा, आणि त्या जातीवर वीज चालतच नाही. गुहेत वीस मिनिटं घालवणाऱ्याला ही जिम जवळजवळ फुकट पडते.

सर्जच्या जिममधले कचऱ्याचे डबे मात्र डोकं खातात. १५ डब्यांपैकी एकात पहिलं बटण असतं, कुठल्याही. दुसरं त्याला अगदी लागून असलेल्या डब्यात, वर, खाली किंवा बाजूला, तिरकं नाही. दुसरा अंदाज चुकला की दोन्ही बटणं जागा बदलतात आणि पुन्हा पहिल्यापासून. कोपऱ्यातल्या डब्यात पहिलं बटण लागलं तर खूश व्हा, कारण शेजारी दोनच.

आता गुहेच्या दुसऱ्या टोकाला जा. बाहेर पडलात की तुम्ही थेट रूट २वर, प्यूटर सिटीच्या जवळ. पहिल्यांदा इथून गेलात तेव्हा झुडपांच्या पलीकडे ही पट्टी दिसली असेलच. झुडूप कापून खाली गेलं की एका घरात अब्रा देऊन मिस्टर माइम मिळतो, आणि त्याखालच्या चौकीत फ्लॅशवाला मदतनीस. रॉक टनेल फ्लॅशशिवायही पार होतो, फक्त आपल्याभोवतीचा छोटा गोल तेवढा दिसतो आणि प्रत्येक वळणावर भिंतीला धडक. दहा नोंदींसाठी ती शिक्षा सोसायची गरज नाही.

तिथून वर प्यूटरला. म्युझियमच्या उजव्या बाजूला एक झुडूप आहे, त्याच्या आडून मागचं दार. आतला शास्त्रज्ञ ओल्ड अंबर देतो. पुढे सिनाबार बेटाच्या लॅबमध्ये तो दिला की एरोडॅक्टिल मिळतो, ५ लेव्हलचा. ब्रॉकला हरवून जो पुढे गेला तो कधी परतलाच नाही, तर त्याच्या पोकेडेक्समध्ये ही जागा रिकामीच राहते. गेम एका शब्दानेही आठवण करून देत नाही.

सेलाडॉन: मागचं दार, चहा आणि पंख

सेलाडॉनमध्ये पोहोचल्यावर जिमकडे धावू नका. उंच इमारत, म्हणजे कंडोमिनियम, समोरून आत जा. तळमजल्यावर एक आजी चहा देते. सॅफ्रन सिटीच्या चारही वेशींवरचे पहारेकरी हाच चहा घेऊन वाट सोडतात. मूळ गेम खेळलेले इथे चुकतात: तेव्हा पहारेकऱ्यांना वेंडिंग मशीनमधलं कोल्ड्रिंक चालायचं, म्हणून ते लेमोनेड घेऊन वेशीवर उभे राहतात आणि गेम अडकला असं समजतात. फायररेडमध्ये कोल्ड्रिंक फक्त डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवरच्या तहानलेल्या मुलीला द्यायचं. तीन वेगवेगळी पेयं, तीन टीएम.

त्याच इमारतीच्या मागे वळसा घाला. जुन्या वाड्याला असतं तसं इथे मागचं दार आहे, आणि समोरच्या जिन्याने तिथे पोहोचता येत नाही. मागच्या जिन्याने थेट गच्चीवर, तिथल्या खोलीत टेबलावर बॉल: २५ लेव्हलची ईव्ही. आग, पाणी आणि वीज यांचे दगड स्टोअरच्या चौथ्या मजल्यावर २१०० ला एक. ईव्ही एकच मिळते आणि दगड लावला की फिरवता येत नाही, तेव्हा टीममध्ये काय कमी आहे ते पाहून ठरवा. एस्पिऑन किंवा अंब्रिऑनची वाट पाहू नका, गेममध्ये दिवस-रात्रच नसल्यामुळे ते इथे होत नाहीत.

मग पश्चिमेला रूट १६. खालच्या वाटेवर स्नॉरलॅक्स झोपलेला आहे म्हणून लोक परत फिरतात. वरच्या अंगाला झुडूप आहे. ते कापून चौकीच्या वरच्या भागातून पलीकडे गेलं की एक घर लागतं आणि त्यात एचएम०२ फ्लाय. फ्लाय मिळालं की मागे जाण्याचा खर्च जवळजवळ शून्य होतो, आणि वहीतल्या अर्ध्या ओळी एका संध्याकाळी निकाली निघतात.

स्नॉरलॅक्सच्या अंगाखाली

फायररेडमध्ये जमिनीत पुरलेल्या वस्तू दोन प्रकारच्या आहेत. काही नुसतं समोर उभं राहून ए दाबलं तरी हाती लागतात. काही मात्र आयटमफाइंडरशिवाय मिळत नाहीत, अगदी त्याच चौकोनावर उभे असलात तरी.

लॅव्हेंडर गावातल्या पोकेमॉन टॉवरमधून मिस्टर फुजींना सोडवल्यावर पोके फ्लूट मिळते. तिने रूट १२ आणि रूट १६वरचे दोन्ही स्नॉरलॅक्स उठवता येतात, दोघेही ३० लेव्हलचे. लढाईआधी सेव्ह करा, झोपेची एखादी मूव्ह असलेला पोकेमॉन पुढे ठेवा. पकडला किंवा पळवला, रस्ता मोकळा झाला की सगळे पुढे पळतात. थांबा. स्नॉरलॅक्स जिथे पसरला होता नेमक्या त्या चौकोनावर उभे राहा आणि आयटमफाइंडर चालवा. पायाखालून लेफ्टओव्हर्स निघतात. हे धरलेल्या पोकेमॉनला प्रत्येक फेरीत एकूण एचपीच्या, म्हणजे जीवशक्तीच्या, एक सोळांश एवढी भर मिळते, आयटम संपत नाही. गेममधल्या सर्वोत्तम वस्तूंपैकी ही एक, आणि दोन्ही जागी आहे. खादाड प्राण्याच्या अंगाखाली त्याचं उरलंसुरलं खाणं, ही गंमत ज्याने रचली त्याला दाद द्यायला हवी.

आयटमफाइंडर सिलेक्ट बटणावर लावून ठेवा, मेनूत जायचा त्रास वाचतो. वस्तू जवळ असेल तर बाण दिशा दाखवतात. एकटा पडलेला दगड, गल्लीचा बंद शेवट, विनाकारण मोकळा सोडलेला कोपरा: अशा जागी वापरला तर तो वाया जात नाही. अजून एक ठरलेली जागा व्हिरिडियन जिमची. जिओव्हानी हरून निघून गेल्यावर तो उभा होता तिथे माचो ब्रेस असतं.

सफारी झोन: पावलांचा हिशेब

५०० भरून ३० सफारी बॉल आणि ६०० पावलं मिळतात. पहिल्या फेरीत गवतात शिरू नका. पूर्व, मग उत्तर, मग पश्चिम असा फेरा धरा. पश्चिमेच्या भागात सोन्याचे दात पडलेले आहेत आणि पुढे सीक्रेट हाउसमध्ये सर्फ मिळतो, दोन्ही एकाच फेरीत बसतात. कांगास्खान किंवा चॅन्सी दिसली तरी पहिल्यांदा सोडून द्या, कारण पावलं संपली की थेट दारात आणून सोडतात. दात सफारी झोनच्या वॉर्डनला दिले की स्ट्रेंग्थ. आणि त्याच्याच घरातला दगड स्ट्रेंग्थने ढकलला की मागे रेअर कँडी. बक्षीस देणाऱ्याच्याच घरात दुसरं बक्षीस, गेमचा स्वभाव असा आहे.

खर्च आटोक्यात

फिरताना मारतात ते रानटी पोकेमॉन आणि विष. रेपेल १०० पावलं चालतो, सुपर २००, मॅक्स २५०. पण तो फक्त तुमच्या पहिल्या पोकेमॉनपेक्षा कमी लेव्हलवाल्यांना अडवतो. हमाल फारफेच्ड पुढे ठेवून रेपेल मारला तर पैसे पाण्यात. विष बाधलेल्याचा एचपी चालता चालता उतरत जातो आणि शेवटी तो पडतो, म्हणून दोन-तीन अँटिडोट कायम ठेवा. सगळे पडले तर पैसे जातात, आणि जसे बॅज वाढतील तसा दंड वाढतो. मोठ्या गुहेत शिरण्याआधी रोख घेऊन फिरण्यापेक्षा बॉल आणि रेपेल घेऊन ठेवलेले बरे. नगेटचा विकण्याखेरीज काही उपयोग नाही, ५००० येतात, जपून ठेवू नका.

व्हर्मिलियनच्या पोकेमॉन सेंटरमधल्या बाईशी बोललात तर व्हीएस सीकर मिळतो. दर १०० पावलांनी तो भरतो आणि तुम्ही आधी हरवलेले ट्रेनर पुन्हा लढायला तयार होतात. पैसा आणि लेव्हल दोन्ही, गवताच्या फेऱ्यांपेक्षा केव्हाही बरं.

एकदाच निवडायच्या जागा लक्षात असू द्या. माउंट मूनमधल्या दोन फॉसिलपैकी एक, सॅफ्रनच्या फायटिंग डोजोत हिटमनली किंवा हिटमनचॅन यांपैकी एक. सिल्फ कंपनीच्या सातव्या मजल्यावरचा लाप्रस मात्र निवडायचा नाही, तो तिथल्या एका माणसाशी बोललं की मिळतो. टेलिपोर्टच्या फरशांच्या गोंधळात तो माणूस राहून जातो, तेव्हा बॉसकडे जाण्याआधी सातवा मजला नीट पाहा.

सर्फ मिळाल्यावर आणि गेम संपल्यावर

रूट १०वर रॉक टनेलबाहेरच्या पोकेमॉन सेंटरजवळचं पाणी आठवतं? सर्फ करून तिथून खाली गेलं की पॉवर प्लांट. आतले सगळे बॉल आयटम नसतात, काही उचलले की इलेक्ट्रोड निघतो आणि अंगावर फुटतो. शेवटी ५० लेव्हलचा झॅपडोस. कथेत त्याचा उल्लेखही नाही, कुणी पाठवतही नाही. आर्टिकुनो सीफोम बेटांत, मोल्ट्रेस वन आयलंडच्या माउंट एंबरवर, लेव्हल तीच.

सेरुलियनच्या गुहेपुढचा पहारेकरी एलिट फोर जिंकूनही हटत नाही, आणि इथे बरेच जण हात टेकतात. क्रम असा: एलिट फोर जिंका, पोकेडेक्समध्ये ६० जाती भरा, ओककडून नॅशनल डेक्स, म्हणजे वाढीव पोकेडेक्स, घ्या. माउंट एंबरमधून रुबी हे रत्न आणा. सिक्स आयलंडच्या रुइन व्हॅलीत डॉटेड होलचं बंद दार आहे, त्यावर ब्रेलमध्ये एकच शब्द आहे: कट. दारासमोर कट वापरा. आत प्रत्येक खोलीत ब्रेलमध्ये दिशा लिहिलेल्या आहेत: वर, डावीकडे, उजवीकडे, खाली. चुकलात तर पुन्हा पहिल्या खोलीत. आतला सफायर, म्हणजे दुसरं रत्न, डोळ्यांदेखत चोरीला जातो, तो फाइव्ह आयलंडच्या रॉकेट वेअरहाउसमधून सोडवावा लागतो. दोन्ही रत्नं वन आयलंडच्या सेलिओला दिली की गुहा उघडते. आत ७० लेव्हलचा म्यूटू आहे. मास्टर बॉल, म्हणजे कधीच न चुकणारा बॉल, झॅपडोसवर उडवला नसेल तर तो इथे वापरा, आणि उडवला असेल तर अल्ट्रा बॉल भरपूर घेऊन जा.

राहता राहिला व्हर्मिलियनच्या धक्क्याजवळचा ट्रक. त्याच्याखाली म्यू आहे ही शाळाशाळांतून फिरलेली अफवा आहे, स्ट्रेंग्थने तो हलत नाही. फायररेड बनवणाऱ्यांना मात्र ती अफवा ठाऊक होती. ट्रकच्या आसपास शोधलंत तर एक लाव्हा कुकी मिळते.